मोडेमची शेजारती

३० जुलै २००६, रविवार

संतोष आज सकाळच्या गाडीने हैदराबादला परत गेला. खतांच्या कंपनीची ही डायरी मी कामाला जातो त्या रोपवाटिकेच्या मालकांनी जानेवारीत दिली होती, कोरीच पडून होती. आजपासून लिहावी म्हणतो. घरात बोलायला माणूस नसलं की दिवसभराचं बोलणं कुठेतरी ठेवावं लागतं.

पुढच्या खोलीत त्याने कॉम्प्युटर मांडून दिला आहे. त्याला कारण वैशाखातलं माझं पडणं. न्हाणीत चक्कर आली आणि दुपारपर्यंत तिथेच होतो. शेजारच्या नवसाबाई पहाटे आमच्या दाराच्या कडीला पूजेची फुलपुडी अडकवून फुलबाजारात जातात. दुपारी परत आल्या तर पुडी तशीच लटकलेली. त्यावरून त्यांना कळलं. तेव्हापासून संतोषचं एकच, "आप्पा, सातपूर सोडा. आमच्याकडे चला."

मी म्हणालो, "पुडीवरून कळलं ना वेळेवर?"

"पुडी दुपारी बोलली, आप्पा. मला सकाळी कळलं पाहिजे."

शेवटी तोड निघाली ती अशी. रोज सकाळी सात वाजता मी कॉम्प्युटरवर चॅटमध्ये यायचं. तिकडे त्याच्या स्क्रीनवर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका उमटेल. काही लिहिलं नाही तरी चालेल. ठिपका दिसला की तो निर्धास्त ऑफिसला जाणार. दसऱ्यापर्यंत हे नीट जमलं तर मी माझ्या घरात राहायचं. नाही जमलं तर घराला कुलूप आणि मी हैदराबादला. मी कबूल झालो. सात वाजता जागा असणं मला काय अवघड आहे?

व्हायरसची कटकट नको म्हणून त्याने त्यात लिनक्स टाकलंय. टेलिफोनच्या लाईनला जोडायचा मोडेम आहे, साबणाच्या वडीएवढा चपटा डबा. त्याची वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या खाचेत जाते. संतोषने समजावलं, "या डब्याला स्वतःचं काही ज्ञान नसतं. वीज तुटली की सगळं विसरतो. आपण मोडेम आहोत हेसुद्धा. ते सगळं एका फायलीत आहे, तिला फर्मवेअर म्हणतात. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा ती फाईल याच्यात भरतो. मग दिवा लुकलुकतो. दिवा स्थिर झाला की लाईन आली."

"रोज भरावी लागते?"

"दरवेळी. नव्याने."

मला कुंभाराकडून आणलेली मूर्ती आठवली. प्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच. संतोषला बोललो नाही. हसला असता.

१ ऑगस्ट, मंगळवार

काल पहिला दिवस. ठिपका गेला. संतोषने लगेच लिहिलं, "दिसलात." मला बरं वाटलं. परवा तो गेल्यापासून कॉम्प्युटर चालूच होता. काल रात्री मी तो शिकवल्याप्रमाणे बंद केला आणि घराची शेवटची फेरी मारली.

ही फेरी संतोषच्या आईची. तिच्या लहानपणी दिंडोरीकडच्या मळ्यात वीज पडली, घरातला रेडिओ जळाला आणि बोर्डातून निळा जाळ निघाला. तो तिने पाहिलेला. त्यामुळे आभाळ निरभ्र असो की भरलेलं, झोपण्याआधी घरातली प्रत्येक पिन बोर्डातून बाहेर. टीव्ही, मिक्सर, टेबलफॅन, टेलिफोन. वायर चार बोटांवर गुंडाळून ठेवायची आणि प्रत्येकीला म्हणायची, "झोपा रे आता." जशी काही पोरंच. तिला जाऊन दोन वर्षं झाली, फेरी मी चालू ठेवली आहे. फक्त ते शब्द मला जमत नाहीत. रिकाम्या घरात आवाज फार मोठा वाटतो.

मोडेमही काढला. तिच्या ओटीतलं एक पिवळं ब्लाऊजपीस होतं, त्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला.

आज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. त्याला जागं व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात अंघोळ आणि पूजा उरकली. मग स्वच्छ हाताने मोडेम काढून लावला. दिवा लागलाच नाही. सव्वासातला संतोषचा फोन. त्याला काळजी वाटली होती.

४ ऑगस्ट, शुक्रवार

रोज तेच. काल मात्र पूजेनंतर मोडेम लावून बसलो असता लाईट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर मोडेम एकदम शहाण्यासारखा लागला. संतोषला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे व्होल्टेजचा घोळ. स्टॅबिलायझर घ्या."

घेतला. आज सकाळी दिवा नाही.

संतोषने ऑफिसला जायचं थांबवून फोनवरून हातानं फाईल भरायला शिकवलं. आमचं संभाषण असं:

"काळा स्क्रीन उघडा. टाइप करा, एस, यू."

"एस. यू. झालं. याचा अर्थ?"

"तुम्ही मालक झालात."

"घराचा मालक मी आहेच."

"कॉम्प्युटरचे, आप्पा. आता पासवर्ड. अक्षरं दिसणार नाहीत, तरी टाइप करा."

"दिसत नाहीत तर पोचली कशी कळणार?"

"विश्वास ठेवा. देवाला नमस्कार करता तेव्हा पोच मिळते का?"

एवढं बरं बोलतो तो कधी कधी. मग एक लांबलचक ओळ. एक आडवी रेघ राहिली, मग एक अक्षर मोठं पडलं. शेवटी जमलं. दिवा लुकलुकला आणि देव्हाऱ्यातल्या समईसारखा स्थिर झाला. मी नकळत हात जोडले.

"हातानं होतंय. मग सुरू होताना आपोआप का होत नाही?" तो स्वतःशीच बोलत होता. मग मला विचारलं, "आप्पा, मोडेम लावलेलाच असतो ना?"

"लावल्याशिवाय दिवा लागेल का?" मी म्हणालो.

१३ ऑगस्ट, रविवार

रोज ती ओळ टाइप करतो. शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू झालं तेव्हा वर्गात आम्ही सगळे आणि एकच पुस्तक. त्या पुस्तकाच्या लांबून दिसणाऱ्या अक्षरांसारखी ही अक्षरं वाटतात. कधी सातच्या आत जमतं, कधी साडेसात होतात. उशीर झाला की संतोष काही बोलत नाही. फक्त लिहितो, "ठीक ना?" त्या प्रश्नचिन्हाकडे मी बराच वेळ बघत बसतो.

आज त्याने फोनवर एक गोष्ट हळूच विचारली. "आप्पा, रात्रीचं जेवण काय केलं होतं, आठवतं का?"

"पिठलं," मी सांगितलं.

"आणि परवा?"

परवाचं कुणाला आठवतं? रोज पिठलंच असतं म्हटलं तरी त्याचं समाधान झाल्यासारखं वाटलं नाही. पोरगा जेवणाची काळजी करतो, चांगलं आहे.

१५ ऑगस्ट, मंगळवार

शुभांगी, म्हणजे सूनबाई, चॅटवर आली होती. तिने लिहिलं, "आप्पा, तुम्ही सुरू केल्यापासून काय काय करता, एकेक सांगा." मी लिहिलं: कॉम्प्युटर सुरू करतो, अंघोळ, पूजा, मग बसतो. बाकी काय सांगायचं? श्वास घेतो हे कुणी सांगतं का?

रोपवाटिकेत गुलाबाची कलमं भरली. मालकांना विचारून गावठी गुलाबाची काही कलमं घरी आणली. दसऱ्यानंतर कुंडीत लावीन. दसऱ्यानंतर मी इथे असेन असं धरून चाललोय.

२७ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. लहान मूर्ती, शाडूची. प्रतिष्ठेचे मंत्र पोथीतून वाचताना मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून क्षणभर थांबायचं असतं. त्या क्षणी घर फार शांत होतं. संतोषची आई अशा वेळी स्वयंपाकघरातला नळ बंद करायची.

पूजा लांबल्यामुळे ठिपका जायला उशीर झाला. संतोषने नवसाबाईंच्या मुलाच्या मोबाईलवर फोन केला होता. नवसाबाई दारात येऊन उभ्या. "रंगनाथभाऊ, तुमचा संतोष ईचारतोय आप्पा हाय का म्हणून. काय सांगू?"

"आहे म्हणून सांगा."

"ते दिसतंयच," म्हणाल्या. "पर त्या डबड्याला कापडात गुंडाळून देवापाशी ठिवलंय काय? काल खिडकीतून बघितलं. देवाची शेजारती करावी तशी त्याची करता व्हय?"

"विजेची भीती असते बाई."

"आभाळात एक ढग नाय!" हसत गेल्या. जाता जाता पुडीत जास्तीची जास्वंद घालून गेल्या.

६ सप्टेंबर, बुधवार. अनंत चतुर्दशी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

पहाटे कॉम्प्युटर सुरू केला. पूजा झाली, उत्तरपूजाही केली. मोडेम लावला. दिवा नाहीच. काळा स्क्रीन उघडून ओळ टाइप करत होतो आणि लाईट गेली. आमच्या भागातल्या लोडशेडिंगची पाळी बदललेली, मला माहीत नव्हतं. सात वाजून गेले. आता लाईट दुपारीच येणार. फोन करून संतोषला सांगायचं डोक्यातच आलं नाही. मूर्ती घेऊन गोदावरीवर जायचं होतं, गर्दीच्या आत. दार ओढून घेतलं, लॅचचं कुलूप आपोआप बसलं आणि गेलो. नदीवर बराच वेळ काठावर बसलो. मूर्ती पाण्यात विरघळताना शेवटी सोंड दिसते.

परतलो तर घरासमोर माणसं. कुलूप तोडलेलं. आतमध्ये नवसाबाई, त्यांचा मुलगा, दोन शेजारी. न्हाणीचं दारही उघडून टाकलेलं.

मला पाहून नवसाबाईंचा आवाज चढला. "कुटं व्हता? जिवंत हाय का नाय ते तरी सांगायचं! तिकडं पोरगं रडतंय फोनवर. घंटी वाजतिया, कुणी उचलना!"

फोन? मी टेलिफोनकडे पाहिलं. पिन काढलेली, वायर गुंडाळलेली. रात्रीची फेरी, आणि सकाळी मोडेमच्या नादात ती लावायची राहिली. त्यांच्या मुलाच्या मोबाईलवरून संतोषशी बोललो.

मग तो म्हणाला, "आप्पा, पुरे आता. नवमीला आईच्या श्राद्धाला येतोच आहे. येताना तुमचं तिकीट काढून आणतो. कपडे बांधून ठेवा."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बोली माझ्याच तोंडची होती.

नवसाबाई सगळ्यात शेवटी गेल्या. दारात थांबून म्हणाल्या, "गेलात तर मंग पुडी कुठं अडकवू?"

९ सप्टेंबर, शनिवार

कुलूप नवीन आणलं. किल्ली अजून हाताला ओळखीची नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

बॅग भरली. माझे कपडे थोडेच आहेत. पोथी ठेवली. देव न्यायचे की नाही ते ठरेना. देव्हाऱ्यातले देव तिने माहेरून आणलेले. ते हलवायचे म्हटलं तर जागेला विचारावं लागेल.

देवाकडे काही मागत नाही, तिच्या आजारपणानंतर ते सोडलं. तेव्हा फार मागितलं होतं. आता नुसता नमस्कार करतो. आज मात्र बराच वेळ उठलो नाही.

गुलाबाची कलमं नवसाबाईंना देऊन टाकली. "मी फुलं ईकते, मलाच झाडं देता?" असं म्हणाल्या आणि घेतली.

फेरी नेहमीप्रमाणे.

१६ सप्टेंबर, शनिवार. अविधवा नवमी

संतोष काल संध्याकाळी आला. थकलेला वाटला. जेवताना हैदराबादच्या घराबद्दल बोलत होता. मला खिडकीकडची खोली, शेजारच्या खोलीत नात सृष्टी, जवळच एक मारुतीचं देऊळ. मी ऐकत होतो.

जेवण झालं, भांडी विसळली. मग फेरी सुरू केली. टीव्ही, मिक्सर, पंखा, फोन. संतोष खाटेवर बसून मोबाईलमध्ये बघत होता. मिक्सरची वायर बोटांवर गुंडाळताना त्याचं लक्ष गेलं.

"आप्पा, हे काय?"

"पिना काढतोय."

"रोज?"

"रोज. तुझी आई काढायची ना?"

त्याने मोबाईल खाली ठेवला. मी कॉम्प्युटर बंद केला, मोडेमची वायर खाचेतून काढली, पिवळ्या कापडात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली. तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"मोडेमपण काढता?"

"तो काय आभाळातून पडलाय? त्याला वीज लागत नाही?"

"आणि सकाळी कधी लावता?"

"कॉम्प्युटर उठला, माझी पूजा झाली, की लावतो."

तो एकदम हसायला लागला. मोठ्याने. मग खाटेवर बसला आणि तोंड हातात धरलं. प्रवासात वाऱ्याने सर्दी झाली असावी, डोळे आणि नाक पुसत होता. मी आल्याचा काढा करून दिला.

"आप्पा," तो काढा हातात धरून म्हणाला, "मला वाटत होतं तुम्हाला काही आठवत नाहीसं झालंय. डॉक्टरची वेळपण घेतली होती तिकडे."

"मला काय झालंय?"

"काही नाही. उलट..." मग म्हणाला, "तो कॉम्प्युटर फक्त उठताना बघतो, मोडेम आहे का म्हणून. नसला की फाईल न भरताच पुढे जातो. तुम्ही नंतर लावता तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं. तुम्ही फक्त रात्री तो..."

वाक्य तिथेच सोडलं. कोनाड्यातल्या पिवळ्या कापडाकडे बघत होता. बोलताना मध्येच थांबायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

आज श्राद्ध झालं. सवाष्ण म्हणून रोपवाटिकेच्या मालकीणबाई आल्या होत्या, त्यांची ओटी भरली. संतोषच्या आईला आवडायची म्हणून गवारीची भाजी केली होती. संतोषने दोनदा मागून घेतली, एरवी गवारीला हात लावत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

संतोष सकाळपासून कॉम्प्युटरसमोर. काळ्या स्क्रीनवर भराभर काहीतरी लिहीत होता. मध्येच म्हणायचा, "आप्पा, मोडेम काढा." मी काढायचो. "लावा." लावायचो. दिवा नाही. पुन्हा. पुन्हा नाही. मी म्हणालो, राहू दे, आता काय उपयोग, मी तर चाललोच आहे. त्याने ऐकलं नाही.

जेवण टळून गेल्यावर त्याने कॉम्प्युटर पूर्ण बंद करून सुरू केला. मोडेम माझ्या हातात, कापडात. "जा, पूजा करा," म्हणाला.

"सकाळी झाली की."

"मग नुसता नमस्कार करून या."

मी देवापुढे बसलो आणि परत आलो. "आता लावा." मी लावला. दिवा लुकलुकला. थांबला. परत लुकलुकला. आणि स्थिर झाला. मी कशालाही हात लावला नव्हता.

"आता फाईल सुरू होताना भरायची नाही," तो सांगत होता, "तुम्ही मोडेम लावाल तेव्हा भरायची. अंघोळ करा, पूजा करा, सावकाश लावा. मशीन तुमच्यासाठी थांबेल." आणखी बरंच सांगितलं, पण मला एवढंच लक्षात राहिलं.

"सकाळी पहिल्यांदा फोनची पिन लावायची. एवढं एकच माझं ऐका," म्हणाला. मी कबूल केलं.

माझी भरलेली बॅग दाराशी होती. त्याने ती उचलली आणि खाटेखाली सरकवली. माझ्या तिकिटाचं नाव काढलं नाही. रात्रीच्या गाडीने एकटाच गेला. ऑफिसात काही घाई निघाली असावी, मला न्यायला सवड नसेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला आठवलं असतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

ठिपका गेला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने पाहिला असणार. "दिसलात," लिहून आलं.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा

मुदत आज संपली. दोनदा लोडशेडिंगमुळे उशीर झाला, तेव्हा फोनवरून सांगितलं. बाकी एकही सकाळ चुकली नाही. संतोषला लिहिलं, "दसरा झाला." त्याने लिहिलं, "हो. आपट्याचं पान घ्या." एवढंच. म्हणजे मी राहतोय, असं मी धरलं.

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. मोडेमला एक फूल. हळद-कुंकू लावणार होतो, पण खाचेत जाईल म्हणून कापडालाच लावलं.

नवसाबाईंनी गुलाबाची कलमं परत आणून दिली. "तुमच्या हातचं पाणी पायजे म्हणत्यात," म्हणाल्या. "माझ्याकडं नुसती तोंड पाडून बसल्यात."

१४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ठिपक्यानंतर शुभांगी बोलायला आली. माईक लावून बोलता येतं आता. इकडचं-तिकडचं झालं. मग म्हणाली, "आप्पा, तुमच्या मुलाला काय झालंय? नाशिकहून आल्यापासून रात्री घरभर फिरून पिना काढतात. फ्रीजची काढली होती परवा, सगळं दूध नासलं. आणि सृष्टी त्यांच्या मागे मागे. वायरीवर थोपटून म्हणते, झोपा रे आता. कुणी शिकवलं तिला?"

मी म्हणालो, "फ्रीजची नाही काढायची. तेवढं सांग त्याला. त्याची आई फ्रीजची कधी काढत नव्हती."

"बरं," म्हणाली. मग विचारलं, "आप्पा, तिथं विजा फार पडतात का हो?"

"नाही," मी म्हणालो. "फारशा नाही."

रात्री फेरी केली. टीव्ही, मिक्सर, पंखा, फोन. मोडेम कापडात ठेवताना ते शब्द म्हणून पाहिले. घर होतं तेवढंच होतं. आवाज वाटला होता तेवढा मोठा नव्हता.